संगणकाच्या मृत्यूचा दाखला

कृष्णकांत चुरी यांनी आपल्या जुन्या संगणकाच्या काळजात छन्नी ठोकली, तेव्हा त्यांच्या मनात पापाचा लवलेशही नव्हता. उलट, आपण हे काम जितके चोख केले तितके चोख ते देशात आजवर दुसऱ्या कोणी केले नसेल, अशी त्यांची खात्री होती. आणि पुढे जे घडले ते पाहता ही खात्री शब्दशः खरी ठरली.

पालघरजवळच्या उमरोळीत त्यांच्या घराच्या मागच्या पडवीत दागिन्यांच्या डाय बनत. डाय म्हणजे पोलादाचा ठोकळा. त्यावर उलटी नक्षी कोरलेली असते. सोनार तिच्यावर सोन्याचा पत्रा ठेवून ठोकतो आणि मंगळसूत्राची वाटी म्हणा, कानातले पान म्हणा, जे असेल ते उमटून वर येते. भाऊंनी (गावात त्यांना सगळे भाऊच म्हणत) तीस वर्षे ही नक्षी हाताने कोरली. नऊ वर्षांपूर्वी डोळ्यांनी कुरकूर सुरू केली, तेव्हा त्यांनी कोरणारे यंत्र घेतले, यंत्राला नक्षी सांगणारा संगणक घेतला, आणि संगणकाला नक्षी काढायला शिकवणारे सॉफ्टवेअर पुण्याच्या एका कंपनीकडून रीतसर परवान्यासह विकत घेतले.

रीतसर, हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. आसपासच्या गावांतल्या अकरा डायवाल्यांपैकी तो परवाना एकट्या भाऊंकडे होता. उरलेल्या दहा जणांना तेच सॉफ्टवेअर बोईसरच्या धर्मेशने पेनड्राइव्हमधून फुकट घालून दिले होते. यावर भाऊंनी गेली नऊ वर्षे लग्नात, बारशात आणि एकदा तर दहाव्याच्या घाटावर, ओल्या अंगाने उभे राहून, त्या दहांची आणि धर्मेशची कानउघाडणी केली होती. ‘चोरीच्या सॉफ्टवेअरवर मी एक रेघ जरी ओढली, तर त्या दिवशी धंदा बंद करीन,’ असे ते चारचौघांत म्हणाले होते, आणि चारचौघे अशी वाक्ये फार जपून ठेवतात.

यंदा जुना संगणक थकला. सकाळी बटण दाबले की चहा होऊन, पिऊन, कप धुऊन झाला तरी पडदा उजळत नसे. म्हणून भाऊंनी पालघरहून नवा आणला, सगळ्या नक्ष्या त्यात उतरवून घेतल्या आणि परवानाही जुन्यावरून नव्यावर न्यावा, असे कंपनीला कळवले. कंपनीचे उत्तर आले: ‘परवाना एका वेळी एकाच संगणकावर चालतो. तरी जुन्या संगणकावर हे सॉफ्टवेअर यापुढे चालू शकणार नाही याची खात्री करून आम्हांस कळवावे. कृती सोबतच्या फाइलमध्ये दिली आहे.’

ती फाइल भाऊंनी उघडली नाही. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरेसुद्धा भिंग लावून वाचणारा हा माणूस. पण खात्री कशी करावी हे अठ्ठावन्न वर्षांच्या कारागिराला कोणी शिकवावे, हे त्यांना रुचले नाही. कारण त्यांच्या धंद्यात नेमक्या याच प्रसंगाची एक जुनी रीत होती. एखाद्या सराफाने एखादी नक्षी आपल्यापुरती राखून घेतली, की तिची कारखान्यातली डाय शाबूत ठेवायची नाही. सराफ समोर बसतो, चहा घेतो, आणि कारागीर त्याच्या देखत डायवर छन्नीचा एक तिरपा घाव घालून ती त्याच्या हातात देतो. याला ‘नक्षी बंद करणे’ म्हणतात. मग कारागिराला शब्द द्यावा लागत नाही आणि सराफाला शंका घ्यावी लागत नाही. भाऊंनी आजवर सत्तर नक्ष्या अशा बंद केल्या होत्या. ही एकाहत्तरावी.

त्यांनी जुन्या संगणकाची हार्ड डिस्क काढली आणि ऐरणीवर ठेवली. साक्षीला पत्नी मंदाताई आणि शेजारचा प्रताप यांना बोलावले. कंपनीचे कोणी समोर नसल्यामुळे सराफाचा चहा प्रतापला मिळाला.

“भाऊ, चालू हाय ना रे तो?” बशीत फुंकर घालत प्रतापने विचारले. “मंग मारतो कशाला?”

“चालू आहे म्हणूनच मारायचा. बंद असता तर खात्रीचा प्रश्न होता कुठे?”

“अवो, आदी त्या कंपनीला फोन तरी करा,” मंदाताई म्हणाल्या.

“पत्र आलंय ना? पत्रावर फोन कशाला?”

आणि भाऊंनी घाव घातला. पोलाद फोडणाऱ्या हाताला डिस्कचे पातळ कवच म्हणजे पापडच. छन्नी या बाजूने गेली ती त्या बाजूने ऐरणीला भिडली. भाऊंनी फोटो काढला, ‘आपल्या सूचनेनुसार, दोन साक्षीदारांसमक्ष’ असे सुरू होणारे पत्र जोडले आणि पाठवून दिले. अर्ध्या तासाने फोन वाजला.

“नमस्कार सर. परवाना विभागातून हेतल बोलतेय. तुमचा फोटो मिळाला. सर, हे काय आहे?”

“हार्ड डिस्क.”

“हो, पण तिला मधोमध भोक आहे.”

“खात्रीसाठी.”

हेतलने हळूहळू, आजारी माणसाला सांगावे तसे, समजावले. जुन्या संगणकावर सॉफ्टवेअर उघडायचे होते. त्यात ‘परवाना सोडा’ असे एक बटण होते. ते दाबले की जुना संगणक एक कोड देतो, तो कोड कंपनीला कळवला की परवाना मोकळा होतो. तो कोड आल्याशिवाय, कंपनीच्या दप्तरी जुना संगणक धडधाकट आणि कामावर हजर होता.

“म्हणजे मेलेल्याने स्वतः येऊन आपण मेल्याचं सांगावं, असा तुमचा नियम आहे?”

“मरायच्या आधी सांगायचं असतं, सर.”

“बाई, जिवंतपणी पेन्शनवाला हयातीचा दाखला देतो. मृत्यूचा दाखला मागे राहिलेले देतात. जगभर हीच पद्धत आहे. जो जिवंतपणी सांगतो ‘मी आता यापुढे नाही’, त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा, आणि ज्याचं प्रेत समोर पडलंय त्याच्यावर संशय घ्यायचा, याला काय म्हणावं?”

“सर, सहावं पान—”

“कोणतं सहावं पान?”

“फाइलचं. त्यात ठळक अक्षरांत लिहिलंय, की कोड मिळेपर्यंत जुन्या संगणकाला हात लावू नये.”

भाऊ गप्प झाले. मंदाताईंनी पडवीच्या दारातून ही शांतता ऐकली आणि लग्नाला तेहेतीस वर्षे झाली असल्यामुळे तिचा अर्थ त्यांना बरोबर कळला.

अडचण साधी नव्हती. पालघरचे सराफ ललितशेठ यांना धनत्रयोदशीसाठी बारा वाट्यांच्या डाय येत्या सोमवारी द्यायच्या होत्या, आणि आज बुधवार होता. बाराही नक्ष्या नव्या संगणकात सुखरूप होत्या. पण परवान्यावाचून त्या उघडत नव्हत्या. भाऊंनी ललितशेठना फोन करून सारी हकीकत सांगितली. शेठ म्हणाले, “भाऊ, मला वाटी पाहिजे, तिची जन्मपत्रिका नको. धर्मेशकडून घ्या की! सगळी दुनिया घेते.” म्हणजे सोमवारपर्यंत परवाना आला नाही, तर भाऊंपुढे दोनच वाटा होत्या: तीस वर्षांच्या गिऱ्हाइकाला तोंडघशी पाडायचे, किंवा ज्याच्यावर नऊ वर्षे तोंडसुख घेतले त्या धर्मेशच्या दारी जाऊन पेनड्राइव्ह मागायचा.

गुरुवारी सकाळी हेतलने एक तिसरी वाट काढून दिली. संगणक जळाला, बुडाला किंवा अन्य प्रकारे गेला, तर कंपनीचा एक फॉर्म असे. दुकानाची नोंदणी असलेल्या तंत्रज्ञाने डिस्क तपासायची, ती दुरुस्तीपलीकडे गेली आहे असे लिहून द्यायचे आणि सही-शिक्का मारायचा. भाऊंनी फॉर्मच्या दोन प्रती काढल्या. एक वापरायला आणि एक, आपला हात चुकलाच तर. तो आजवर चुकला नव्हता. पण कालपासून त्यांनी आपल्याविषयी थोडे सावधपणे बोलायला सुरुवात केली होती.

नवा संगणक ज्या दुकानातून आणला, त्या पालघरच्या दुकानदाराने हात वर केले. “आम्ही खोका विकतो, भाऊ. उघडून आत काय आहे ते पाहत नाही.” मग डिस्क उघडून पाहणारा कोण? त्यानेच नाव सांगितले, आणि ते नाव ऐकून भाऊंनी स्कूटरचे हँडल बराच वेळ नुसते धरून ठेवले. बोईसरचा धर्मेश.

धर्मेशचे दुकान बोईसर स्टेशनजवळ, दोन बोळांच्या बेचक्यात होते. पाटीवर लिहिले होते: ‘मेलेली डिस्क जिवंत करून मिळेल’. काउंटरशी एमआयडीसीतले दोन कामगार मोबाइलला काच बसवून घेत उभे होते. भाऊ स्कूटरवरून उतरताना दिसले तसा धर्मेश स्टुलावरून उठलाच.

“भाऊ! आज इकडे वाट चुकलात का? जवळपास कोणाचं बारसंबिरसं हाय?”

भाऊंनी लाल फडक्यात गुंडाळलेली डिस्क काउंटरवर ठेवली आणि फडके उलगडले. धर्मेशने ती उचलली, उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला आणि दुसरा भोकाला लावला.

“भाऊ, रिक्षा स्टँड दिसतोय.”

“तपास.”

“तपासू काय? भाडं ठरवतायत ते पन दिसतंय.”

काच बसवायला आलेल्या कामगाराने मान पुढे काढली. “अरे चाचा, इसने आपका क्या बिगाड़ा था?”

धर्मेश हसला, मग हसणे आवरून त्याने डिस्क खरोखरच खोलली. भाऊंना वाटले होते, हा वरवर पाहील आणि शिक्का आपटेल. पण तो बारीक पेचकस घेऊन बसला, आतली तबकडी काढून दिव्याखाली फिरवली, एका छोट्या पट्टीला दोन तारा लावून पाहिल्या आणि वीस मिनिटे एक अक्षर बोलला नाही. गिऱ्हाइके उभी राहिली. शेवटी त्याने मान हलवली.

“गेली, भाऊ. नाय उठायची. पाण्यात पडलेली उठवलीय, जळलेली उठवलीय. मुरबे गावातल्या एकाची तर मांजर मुतलेली उठवलीय. पन ही नाय. आता ऐका माझं. कशाला हा उपद्व्याप?” त्याने खण उघडून एक निळा पेनड्राइव्ह भाऊंच्या पुढ्यात ठेवला. “पाच मिनिटांत वाट्या चालू. कोणाला सांगणार नाय मी. आईशपथ.”

भाऊंनी पेनड्राइव्हकडे पाहिले. येथे प्रामाणिकपणे सांगायला हवे की त्यांनी तो जरा जास्त वेळ पाहिला. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, एका डायला यंत्राचे पाच तास, बारा डाय. हा हिशेब कोणत्याही सिद्धान्ताची बाजू घेत नव्हता. नंतर त्यांनी खिशातून फॉर्म काढला आणि पेनड्राइव्हच्या वरच पसरला, म्हणजे तो दिसू नये.

“सही कर. शिक्का मार.”

धर्मेशने सही केली, शिक्का मारला, फॉर्म फिरवून दिला. या सगळ्याला श्वास घेण्याइतकाच वेळ लागला. भाऊंनी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले. यापुढे कागदाचे एकही पान न वाचता सोडायचे नाही, असा त्यांनी काल रात्री निश्चय केला होता. सातव्या कलमापाशी ते थांबले.

“धर्मेश, हे वाचलंस?”

“फॉर्म वाचून सही कोन करतं, भाऊ?”

“‘माझ्या दुकानात वापरात असलेली सर्व सॉफ्टवेअर अधिकृत आहेत.’ असं तू लिहून दिलंयस.”

दुकानातले तिन्ही संगणक भाऊंच्या पाठीमागे मंद घुरघुरत होते. त्यांपैकी एकावरही अधिकृत असे काही नव्हते, वीज सोडून.

“मंग?” धर्मेश म्हणाला. “सही माझी, खोटं माझं. तुमाला काय तरास?”

“कागद माझ्या नावाने जाणार. माझा परवाना तुझ्या खोट्यावर उभा राहणार. मग तुझ्या त्या निळ्या पेनड्राइव्हने काय घोडं मारलंय?”

“म्हंजे चोरानं दुकान चालवायलाबी नको, न् खोटं लिवायलाबी नको! मंग चोरानं करायचं काय?”

प्रश्न रास्त होता. भाऊंनी सही झालेल्या फॉर्मचे चार तुकडे करून खिशात घातले. दुसरी प्रत काढली, ती भरली आणि सातवे कलम आले तसे ते कलम एका सरळ रेघेने खोडून, शेजारच्या कोऱ्या जागेत आपल्या देखण्या अक्षरात लिहिले: ‘हे विधान खरे नाही. सदर तंत्रज्ञाच्या दुकानातील सॉफ्टवेअर अधिकृत नाहीत, हे मला नऊ वर्षांपासून माहीत आहे. तथापि त्याने डिस्क माझ्यासमोर वीस मिनिटे तपासली असून तिच्याविषयीचे त्याचे मत पूर्ण विश्वासार्ह आहे.’ मग त्यांनी खाली आपली सही केली आणि कागद धर्मेशपुढे सरकवला.

धर्मेशने या वेळी वाचले. ओठ हलवत, एकेक शब्द वाचले. काच बसवायला आलेले कामगार पैसे देऊन झाल्यावरही गेले नव्हते.

“भाऊ, तुमी मला कंपनीला धरून देताय?”

“तुला मी कोणाच्याही ताब्यात देत नाही. तुला नसेल करायची तर सही करू नकोस. रागावणार नाही मी. सोमवारी ललितशेठला सांगेन की डाय होत नाहीत, आणि पडवीला कुलूप लावीन. शब्द माझा आहे, तो तू का निभवायचा?”

धर्मेशने फडक्यावरची डिस्क पुन्हा उचलली, पुन्हा भोकातून पाहिले. जणू मधल्या काळात तिच्यात काही सुधारणा झाली असावी.

“आठव्या कलमात काय हाय?”

“‘डिस्क दुरुस्तीपलीकडे गेली आहे, असे माझे तज्ज्ञ मत आहे.’”

“तज्ज्ञ लिवलंय?”

“छापलेलंच आहे.”

“हं.” त्याने पेन उचलले. “आठव्याच्या बाजूला सही करतो. सातवं तुमचं, तुमी बघा. आठवं माझं हाय. माझ्या दुकानातनं मेलेली डिस्क मेलेलीच परत गेली असं पैल्यांदा लिवून देतोय, भाऊ. तेबी तुमाला.” आणि आठव्या कलमावर त्याने इतक्या जोराने शिक्का आपटला की खालचा पेनड्राइव्ह टुणकन उडून जमिनीवर पडला.

भाऊ स्कूटरला किक मारून निघाले, तेव्हा त्यांना अकस्मात जाणवले की येताना तोंडपाठ करून आणलेले व्याख्यान आपण दिलेच नाही. वाटेतल्या सरावलीच्या पुढे आल्यावर परत जाऊन ते द्यावे काय, असाही विचार त्यांनी केला. पण स्कूटर वळली नाही.

फॉर्म त्याच दुपारी गेला. शुक्रवारची सकाळ फोनकडे बघण्यात गेली. मंदाताईंनी दोनदा जेवायला वाढले. भाऊंनी दोनदा ‘आलोच’ म्हटले. अडीच वाजता फोन वाजला.

“सर, अभिनंदन. तुमचा परवाना मंजूर झाला. आमच्या साहेबांनी तुमचा फॉर्म दोनदा वाचला. एकदा एकट्याने, एकदा सगळ्या विभागाला वाचून दाखवला.”

“उत्तम. कोड सांगा.”

“सांगते. फक्त एक छोटी गोष्ट. सातवं कलम असं... तसंच नोंदवलं, तर मंजुरी देता येत नाही, सर. आणि त्या दुकानदाराचंही प्रकरण करावं लागेल. म्हणून साहेबांनी त्या जागी नोंद केलीये, की अक्षर अस्पष्ट असल्यामुळे वाचता आलं नाही.”

भाऊंचा चेहरा हळूहळू तांबडा झाला, आणि राग आला की त्यांची भाषा समुद्राकडे, किनाऱ्यावरच्या बोलीकडे वळत असे, तशी ती वळली.

“अस्पष्ट? माझं अक्षर? बाई, शाळेत तीन वर्सं माझी वही भिंतीला टांगलेली! पालघर तालुक्यात कोनालाबी विचारा!”

“हो सर, फार सुंदर आहे. आम्ही सगळ्यांनी—”

“मंग वाचता येत नाय कसं? साहेबानं दोनदा वाचलं म्हंता! खोटं हाय हे. मी पुन्हा पाठवतो. मोठ्या अक्षरांत, काळ्या शाईत. हा कोड मी घेऊ शकत नाय, जोवर—”

येथे फोन भाऊंच्या हातात राहिला नाही. तो मंदाताईंच्या हातात गेला. त्यांनी कानाला लावून खांद्याने दाबला, एका हाताने भिंतीवरच्या कॅलेंडरचे पान उलटे केले आणि पेन्सिल कानामागून काढली.

“हां मॅडम. सांगा कोड. मी लिवून घेते. सावकाश सांगा... हां... के, कमळाचा?”

“मंदा, ते खोटं आहे!”

“तुमचं हाय का?” फोनवर तळहात ठेवून मंदाताई म्हणाल्या. “तुमी लिवलं ते खरं. धर्मेशनं लिवलं ते खरं. खोटं त्यांच्या साहेबाचं हाय, त्याचं तो बघंल. सगळ्यांचं खरं-खोटं तुमीच धुनार हाय काय? हां मॅडम, सांगा. सात? बरं.”

चोवीस अक्षरे उतरली. मंदाताईंनीच ती एका बोटाने नव्या संगणकात घातली, कारण भाऊ हाताची घडी घालून दरवाजाशी उभे होते. पडदा उजळला. बाराही वाट्या ओळीने उघडल्या. मग मात्र भाऊंची घडी सुटली. त्यांनी खुर्ची ओढली, पहिल्या वाटीचा काठ जवळ आणून पाहिला, एक रेघ केसभर आत घेतली आणि यंत्र चालू केले. पोलादाचा पहिला बारीक कीस खाली पडू लागला.

यंत्र अडीच दिवस अखंड चालत होते. दरम्यान, पडवीतल्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून भाऊंनी कंपनीला एक पत्र लिहिले. परवान्याबद्दल आभार, तथापि आपल्या दप्तरी माझ्या अक्षराविषयी जी नोंद झाली आहे ती वस्तुस्थितीला धरून नाही, सबब सातवे कलम सुवाच्य स्वरूपात पुन्हा जोडत आहे, सदर दुकानदाराने डिस्कबाबत दाखवलेल्या सचोटीचा मात्र आपण विचार करावा. पत्र चार पानांचे झाले. त्याचा एकही शब्द खोडलेला नव्हता.

ते त्यांनी सोमवारी दुपारी, बारा डाय ललितशेठच्या हातात मोजून दिल्यानंतर, पोस्टात टाकले. एवढा व्यवहार त्यांनाही कळत होता.